शनिवारच्या तासातला खोटा काका

सन २०२३. मी तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा होतो आणि तुमच्याशी भांडायला शाळेत आलो होतो.

बाई, तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल कसं लिहितात ते मला येत नाही. जन्म कधीचा, शिक्षण किती, नोकरी किती वर्षं, ते सगळं शाळेच्या फळ्यावर मोठ्या सरांनी रंगीत खडूनं लिहिलंय. मी तिसरीपर्यंत शिकलो, तीही अर्धीच. अक्षर वाकडं आलं तर चालवून घ्या. तुमच्याशी एक गोष्ट बोलायची राहिली. दोन वर्षं ती माझ्या तोंडाशी येऊन परत जायची. तीच सांगायला बसलोय. पण एकदम तिच्यावर येणं जमत नाही, म्हणून भांडणापासून सुरुवात करतो. भांडण मला जमतं, तुम्हाला माहीत आहे.

त्या दिवशी मी निकिताला घेऊन इथं सुरतेतच डिंडोलीच्या भाजीबाजारात गेलो होतो. निकिता माझ्या राजूची मुलगी, तुमच्या सहावीच्या वर्गातली. तिथं आमच्या समाजाचे एक जुने अण्णा भेटले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "कोनी पोर शे तू?" कोणाची मुलगी तू, एवढंच. पण आमच्या खानदेशी घरात हा प्रश्न आला की पोरानं सगळं सांगायचं असतं. आपलं नाव, बापाचं, आजाचं, गाव, मामाचं गाव. मी निकिताकडून ती तीन वर्षांची असल्यापासून पाठ करून घेतलेलं. ती घडाघडा बोलायची आणि लोक म्हणायचे, भिका आबा, वळण चांगलं लावलंत.

त्या दिवशी ती म्हणाली, "मी ओळख नसलेल्या माणसांना नाव सांगत नाही."

अण्णा रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "भिका, तुनी नात सुरतनी व्हई गई रे," म्हणाले आणि वांगी निवडायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या वर्गाच्या दारात. तुम्ही जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांचे मोबाईल कापत बसला होतात. आधी मला कळेना हे काय चाललंय.

"पोरांना काय शिकवता तुम्ही?"

"मोबाईल जपून कसा वापरायचा ते."

"नाव सांगू नको, गाव सांगू नको. आमची पोरं चोर आहेत का?"

"चोर ती नाहीत, आबा. बसा ना."

"मी बसायला आलो नाही."

"बरं, मग उभ्यानं चहा घ्या."

आणि मी उभ्यानं चहा घेतला. सगळा. तुम्ही कात्रीकडे बघून हसलात, मला दिसलं होतं.

मग मी तुम्हाला माझी गोष्ट सांगितली. मी सतरा वर्षांचा असताना सुरत स्टेशनवर उतरलो. खिशात ज्याचा पत्ता होता तो माणूस खोली सोडून गेला होता. उधन्याच्या बाजूला एका खात्याच्या, म्हणजे लूमच्या कारखान्याच्या दाराशी मी बसून राहिलो. आतून पाळी सुटली. एका माणसानं माझ्या पिशवीकडे बघितलं, मला बघितलं आणि विचारलं, कोना शे तू? मी बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, मामाचं गाव सांगितलं. त्याच्या मावशीचं सासर आमच्या मामाच्या गावात निघालं. त्यानं मला खोलीवर नेलं, भाकरी दिली, सकाळी खात्यात उभं केलं. मी तुम्हाला म्हणालो, नाव सांगितलं म्हणून मी या शहरात जगलो, आणि तुम्ही नाव लपवायला शिकवता.

तुम्ही कात्री खाली ठेवून ऐकलंत. शिकलेल्या माणसांना मी एवढं ऐकताना कमी बघितलंय. मग म्हणालात, "त्या माणसानं तुम्हाला बघितलं, तुम्ही त्याला बघितलंत. मोबाईलमध्ये समोर कोण आहे ते दिसत नाही, आबा."

"आवाजावरून माणूस कळतो."

"कळतो?"

"दुसऱ्यांचं माहीत नाही. मला कळतो. चाळीस वर्षं लूमवर काढली. शंभर लूम चालू असताना कुठला बिघडला ते मी बाहेर बिडी पीत सांगायचो. माणसाचं काय घेऊन बसलात."

तुम्ही वाद वाढवला नाहीत. मला वाटलं, जिंकलो. आणि जिंकलेला माणूस करतो तसं केलं, निकिताला तुमच्या शनिवारच्या मोबाईलच्या तासाला पाठवणं बंद केलं. शनिवारी तिला घरी बसवून आईबरोबर साडीवर टिकल्या लावायला सांगायचो. तुम्ही तीन वेळा निरोप पाठवलात. तिन्ही वेळा मी सांगितलं, तिचं पोट दुखतं.

आता ती गोष्ट.

दोन-तीन महिन्यांनी मला फोन आला. नंबर अनोळखी. "वळखं का, आबा?" आमच्याच बोलीत, आमच्याच हेलानं. मी तुमना गावना, वरली गल्लीना, म्हणाला. माझ्या बापाचं नाव त्यानं घेतलं. मरीमायच्या ओट्याशेजारचं आमचं घर सांगितलं. बाई, या सुरतेत कोणी माझ्या बापाचं नाव घेतं तेव्हा माझा जीव जागेवर राहत नाही. म्हणाला, समाजातल्या हुशार पोरांची यादी करतोय, गुणगौरव करायचाय, तुमच्या निकिताचं फार ऐकलं. नंतर कळलं की हे सगळं समाजाच्या परिचय पुस्तिकेत छापलेलं होतं. घराघराची नावं, गाव, फोन, पोरांचे फोटो, आमच्या घराचं तर वर्णनसुद्धा मीच हौसेनं लिहून दिलेलं. ती पुस्तिका कोणीतरी मोबाईलवर टाकली आणि ती कुठं कुठं फिरली. पण तेव्हा मला वाटलं, गावाचा माणूस असल्याशिवाय एवढं कोणाला माहीत असणार.

तो म्हणाला, निकिताले द्या ना जरा.

निकिता तिथंच अभ्यास करत होती. तिनं मानेनं नाही म्हटलं. बाई, तिनं नाही म्हटलं होतं. तुमचे जे दोन-चार तास तिनं केले होते ते तिच्या अंगात होते. मी फोन तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "काका आहेत आपल्या गावचे. नीट बोल. सगळं सांग." तिनं सगळं सांगितलं. शाळा, वर्ग, सुटीची वेळ, घर कुठल्या गल्लीत. मी बाजूला बसून ऐकत होतो आणि मला अभिमान वाटत होता.

फोटो पाठव, असंही मीच म्हणालो. गणवेशातला.

पुढं काय झालं ते तुम्हाला माझ्याआधी कळलं. तो माझ्याच फोनवर तिच्याशी लिहून बोलायचा. ती पुसून टाकायची, मला वाचायला वेळ लागतो हे तिला माहीत. आधी गोड, मग अजून फोटो पाठव, मग आजोबांना सांगितलंस तर शाळेच्या दारात येऊन तुझं नाव खराब करीन. निकिता जेवेना. मला वाटलं, वाढतं वय. तुम्ही मात्र दुपारच्या खिचडीच्या वेळी तिच्या ताटाकडे बघितलंत. जिन्यावर तिच्या शेजारी बसलात. पहिल्या दिवशी ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बसलात. तिसऱ्या दिवशी तिनं सांगितलं.

त्याच संध्याकाळी तुम्ही आमच्या खोलीवर आलात. राजू खात्यातून यायचा होता. सून पाण्याचा तांब्या घेऊन उभी. तुम्ही खाली चटईवर बसलात आणि मला म्हणालात, "आबा, आधी एक वचन द्या. दहा मिनिटं तुम्ही काहीच बोलायचं नाही. काही म्हणजे काही."

"माझ्या घरात मी—"

"दहाच मिनिटं. घड्याळ लावा पाहिजे तर."

मी वचन दिलं. निकितानं सांगितलं, तुमच्या पदराचं टोक धरून सांगितलं. माझा हात दोनदा उठला, कोणाला मारायला ते मलाच कळेना. तुम्ही तिला म्हणालात, "तू सांगितलंस, फार मोठं काम केलंस. यात तुझं काही चुकलेलं नाही." माझ्या जन्मात कोणी लेकराशी असं बोलताना मी ऐकलं नव्हतं. आमच्यात आधी धपाटा, मग चौकशी.

मग तुम्ही विचारलंत, "निकिता, त्याच्याशी पहिल्यांदा बोलणं कसं झालं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षांची पोर. ती म्हणाली, "माहीत नाही, बाई. माझ्याकडूनच गेलं असेल कुठंतरी."

दहा मिनिटं संपायला अजून थोडा वेळ होता. मी बोललो नाही. वचन दिलं होतं ना. बाई, ज्या वचनानं तुम्ही तिला माझ्यापासून वाचवलंत, त्याच्यामागे मी लपलो. दहा मिनिटं संपली, मग अकरा झाली, मग तुम्ही उठलात.

तुम्ही आमच्याबरोबर पोलिसांच्या सायबरवाल्या कचेरीत आलात. उरलेले मेसेजही पुसले गेले असते तर काय झालं असतं, ते तुम्ही तिथल्या साहेबांना विचारलंत आणि ते कसे जपायचे हे आम्हाला शिकवलंत. तो नंबर बंद झाला, तो माणूस काही सापडला नाही. पण त्यानंतर त्याचा आवाज आमच्या घरात आला नाही. अर्जात लिहिलं होतं, मुलीनं माहिती दिली. तुम्ही वाचून दाखवलंत. मी सही केली. माझी सही मोठी आहे, सगळ्यांना दिसते.

तुम्ही वर्गात निकिताचं नाव कधी घेतलं नाहीत. पण पोरंच ती, त्यांना वास लागला. सगळं सांगून बसलेली, असं म्हणायला लागली. दोन मैत्रिणींच्या आयांनी आपल्या पोरींना तिच्याबरोबर यायला बंदी केली. ती शाळेत एकटी जायची, एकटी यायची. घरी कधी बोलली नाही. मीही बोललो नाही. आम्ही दोघं त्या एका गोष्टीभोवती फिरून जेवायचो.

आणि मग तुम्ही ती अजब मागणी केलीत. एका शुक्रवारी घरी येऊन म्हणालात, "आबा, उद्यापासून तुम्ही माझ्या तासाला या. खोटा काका व्हा."

"म्हणजे?"

"मी पोरांशी खोटा फोन करते तेव्हा पोरं हसतात. बाईंचा आवाज ओळखतात. हिंदीत कोणी बक्षीस लागलं म्हणाला तर ती फसत नाहीत, लगेच म्हणतात, फ्रॉड आहे. पण अहिराणीत कोणी विचारलं, जेवलीस का बेटा, की विरघळतात. मला ती बोली येत नाही. तुम्हाला येते."

मी म्हणालो, मी खोटं बोलणार नाही. तुम्ही म्हणालात, मग खरोखर खोटं बोलणारा कोणीतरी शोधावा लागेल. मी रात्रभर चिडलो आणि सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आलो.

बाई, ते दीड वर्ष. लूम सुटल्यापासून मला कोणी कामावर बोलावलं नव्हतं. तुम्ही लोखंडी कपाटामागे माझी खुर्ची ठेवलीत. पुढे पोरगं पुठ्ठ्याचा मोबाईल कानाला लावून उभं, मागे मी. "हॅलो बेटा, मी तुना मामाना दोस्त बोली ऱ्हायनू. पप्पा शेतस का घरमा?" पहिल्या दिवशी बारा पोरांपैकी नऊ जणांनी मला घराचा पत्ता दिला. एकानं तर कुलपाची किल्ली कुठं ठेवतात तेही सांगितलं. तुम्ही कोणाला रागावला नाहीत. म्हणालात, परत करू. महिन्याभरात ती हुशार झाली. एक हर्षल होता, तो म्हणायचा, "काका, मी मम्मीले विचारीसन सांगस. आन् तुमना खोकला आमना आबासारखाच शे." सगळा वर्ग हसायचा, कपाटामागे मीपण. एका पोरीनं मला उलट विचारलं, मामाना दोस्त शेतस तर मामा कोनता पायानी लंगडतस सांगा. मी अडकलो. तिचा मामा लंगडत नव्हताच.

यावर आपलं शेवटचं भांडण झालं, ते अर्धंच राहिलं. मी म्हणालो, बघा, उलट विचारायला शिकवा, म्हणजे नाव सांगायला हरकत नाही, जो खरा असेल तो उत्तर देईल. तुम्ही म्हणालात, पोरानं पोलीस का व्हावं, त्यानं फोन ठेवावा आणि मोठ्यांना सांगावं, पारख मोठे करतील. मी म्हणालो, मोठ्यांना काय सगळं कळतं? तुम्ही कप खाली ठेवलात. माझ्याकडे बघत राहिलात. मग हळूच विचारलंत, "आबा, त्या माणसाशी आधी कोण बोललं होतं?"

मी म्हणालो, चहा गार होतोय.

तुम्ही चहा प्यायलात. पुन्हा विचारलं नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारी माझ्यासाठी खुर्चीवर उशी आणून ठेवली होतीत, कमरेला बरी म्हणून. मी त्या उशीचा अर्थ बारा दिवस लावतोय. तुम्हाला माहीत होतं. मला वाटतं, जिन्यावर बसलात तेव्हापासूनच माहीत असावं. तरी मला सगळ्या पोरांपुढं उघडं पाडलं नाहीत, शाळेतून हाकललं नाहीत, वर कामावर ठेवलंत. जिन्यावर तुम्ही निकिताजवळ तीन दिवस बसलात. माझ्याजवळ दीड वर्ष बसलात, असं मी धरतो. पोरानं स्वतःहून सांगितलेलं बरं, हे तुमचं वर्गातलं वाक्य. मी एकाहत्तरचा झालो म्हणून ते बदलत नव्हतं.

मी मोठ्या तोंडाचा माणूस. कोणाचे आभार मानायचे तर जीभ जड होते. पण तुमच्यामुळे माझी नात जिवंत डोळ्यांनी माझ्याकडे बघते, हे मी लिहून ठेवतो. माझ्या बोलीला शाळेत जागा दिलीत, तेही. माझं नाव सांगायचं वेड तुम्ही मोडीत काढलं नाहीत, त्यातलं चांगलं काय ते माझ्याकडूनच पोरांना सांगायला लावलंत. स्टेशनवरची ती भाकरीची गोष्ट मी पंधरा वेळा तरी सांगितली असेल, दरवेळी तुम्ही नवीन असल्यासारखी ऐकलीत. हे सगळं तुम्ही असताना बोलायला पाहिजे होतं. रुग्णालयात भेटायला आलो तेव्हासुद्धा मी खिडकीचा पडदा नीट करत बसलो आणि तुम्ही म्हणालात, शनिवार चुकवू नका.

शुक्रवारी शाळेत तुमची शोकसभा झाली. तुमच्या फोटोला हार. मला पुढच्या ओळीत खुर्ची दिली. तुमच्याबद्दल सगळे चांगलंच बोलले आणि खरं बोलले. मग नवीन आलेले एक सर उठले, भला माणूस, तुमच्यावर श्रद्धा असलेला. म्हणाले, एका मुलीनं अजाणतेपणी आपली सगळी माहिती परक्याला दिली होती, तिला बाईंनी वाचवलं. नाव घेतलं नाही. पण आठवीच्या रांगेतली तोंडं सगळी एकाच बाजूला वळली. निकितानं मान खाली घातली. तेरा वर्षांची झाली आता. तिला मान खाली घालायची सवय झालीय, ते मला त्या क्षणी दिसलं. मी खुर्चीत बसून राहिलो. हात जोडलेले होते. तुमच्या फोटोपुढं मी पुन्हा एकदा तेच केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे कालच्या शनिवारी, मी निकिताच्या आधी तयार झालो. ती वेणी घालत होती. मी म्हणालो, "त्या दिवशी फोन मी तुझ्या हातात दिला होता." ती म्हणाली, "मला माहीत आहे, आबा." मी म्हणालो, "आज शाळेत सांगणार आहे." तिनं दुसरी वेणी घातली. आम्ही बरोबर निघालो. प्रार्थना झाल्यावर मी मोठ्या सरांकडे माइक मागितला. त्यांना वाटलं, मी तुमच्याबद्दल बोलणार. मी पोरांना सांगितलं, त्या मुलीनं काही दिलं नव्हतं. ती नको म्हणाली होती. तिच्या आजोबानं तिच्या हातात फोन दिला आणि सगळं सांगायला लावलं, आणि दोन वर्षं तिला दोष खाऊ दिला. तो आजोबा मी. पाचवीतल्या एका पोरीनं विचारलं, "मग तुम्हाला बाई रागावल्या?" मी म्हणालो, "नाही." मग माइक शिपायाकडे दिला.

रांगा वर्गाकडे वळल्या. निकिता माझ्याकडे आली नाही. आठवीची रांग जिन्याशी थांबली, तेव्हा पुढची एक पोरगी मागे वळून तिला काहीतरी म्हणाली, निकितानं उत्तर दिलं, आणि दोघी बोलत बोलत वर गेल्या.